माझ्या प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे

मी चित्रं काढते, बाहुले बनवते, व्हिडिओ करते, वेळ पडली तर गातेही. म्हणून प्रदर्शनाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘बहुविध कलाकार’ असं छापलं होतं. लालबागला आमच्या चाळीत याचा अर्थ एवढाच घेतात की हिला एक काही धड जमत नाही. मावशीने पत्रिका हातात घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “म्हणजे नोकरी नायच?”

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिने आणि काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मला वाढवलं. तळमजल्यावरच्या ज्या खोलीत वाढवलं तीच खोली आता जाणार होती. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. टॉवरमध्ये सगळ्यांना जागा मिळणार, पण तो उभा राहीपर्यंत भाडेकरूंनी माटुंग्याच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये राहायचं, असं ठरलेलं. मावशीच्या वाट्याला तिथला चौथा मजला आला. काकांना झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेलेली. त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचा दरवाजा आहे, आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. काकांचा सगळा दिवस दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारण्यात जायचा. तेवढ्यातच त्यांचा जीव होता. मावशी सरळ म्हणायची, “चौथ्या माळ्यार नेलंय, तर खाली येतले ते चौघांच्या खांद्यार.” तिला तळमजल्यावरची एक खोली हवी होती. बाकी ती कुणाकडे काही मागत नव्हती.

खोल्या कुणाला कुठल्या द्यायच्या ते बिल्डर ठरवतो असं कागदावर होतं. खरं ठरवायचे आमच्या भागातले साहेब. नाव सांगत नाही. प्रत्येक भागात एक असतो, आपापला आठवा. दिवाळीला उटण्याच्या पाकिटावर यांचा चेहरा, शाळा सुरू झाल्या की वह्यांवर यांचा चेहरा, संक्रांतीला वाणाच्या स्टीलच्या डब्यावर यांचा चेहरा. मावशीच्या घरात देवांपेक्षा साहेबांचे फोटो जास्त होते, आणि देव निदान हात जोडून मतं मागत नव्हते. त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात मावशी रोज सकाळी जाऊन बसायची. साहेब आले की सगळे उठायचे. साहेब मान डोलवायचे, “होऊन जाईल” म्हणायचे आणि आत जायचे. मग सगळे पुन्हा बसायचे.

घरी आल्यावर मावशी काकांना साहेबांची नक्कल करून दाखवायची. मान कशी डोलवतात, हातातलं सोन्याचं कडं कसं मागे सरकवतात, “होऊन जाईल” म्हणताना समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या स्वतःच्याच फोटोकडे कसे बघतात. काका अर्ध्या तोंडाने हसायचे. मीही हसायचे. आणि हसता हसता माझ्या डोक्यात प्रदर्शन तयार झालं.

ठाकूरद्वारला एका वाडीत पूर्वीचा छापखाना होता, त्याला पांढरा रंग फासून गॅलरी केली होती. त्यात मी अख्खं जनसंपर्क कार्यालय उभं केलं. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाठीवर नाव छापलेल्या. घड्याळात चेहरा, कॅलेंडरवर चेहरा, पंख्याच्या मधोमध चेहरा, म्हणजे पंखा लावला की साहेब गरगरणार. एका भिंतीवर शुभेच्छुकांचा भलामोठा बॅनर, त्यातले सगळे चेहरे माझेच, वेगवेगळ्या मिशा लावून. टेंडर उघडण्याच्या मुहूर्तावर म्हणायची मंगलाष्टकं मी स्वतः रचून, गाऊन हेडफोनमध्ये घातली होती. आणि मधोमध टेबलामागे कागदाच्या लगद्याचा साहेब. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, पांढरे बूट, हातात पितळेचं कडं. मानेत गाडीच्या वायपरची मोटर. समोरच्या खुर्चीत बसायचं, टेबलावरची घंटी दाबायची, आपलं गाऱ्हाणं सांगायचं, की बाहुला मान डोलवून म्हणणार, “होऊन जाईल.” आवाज माझाच, जाड केलेला.

गॅलरीतली प्रदर्शनं ठरवणाऱ्या क्युरेटर बाईंना हे बेहद्द आवडलं. या बाई कफ परेडला राहतात. खिडकीतून खाली मच्छीमार नगर दिसतं. तिथल्या होड्यांचा एक मोठा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे, आणि सुक्या मासळीचा वास येतो म्हणून खिडक्या कायम बंद. त्या मराठी घरातल्याच, पण मराठी अशा बोलतात की जणू ती भाषा त्यांच्याकडे घरकामाला आहे. “किती सबव्हर्सिव्ह आहे गं हे! किती रॉ!” असं त्या म्हणाल्या. सबव्हर्सिव्ह म्हणजे सत्तेला सुरुंग लावणारं, आणि रॉ म्हणजे कच्चं. त्या बाहुल्याला मी लगद्याचे सात थर दिले होते, पण जाऊ दे.

मावशीने प्रदर्शन पाहिलेलं नव्हतं. “आपल्याकडच्या माणसांवर आहे,” एवढंच मी सांगितलं होतं. तिला वाटलं, चित्रं असतील. चाळ, नळावरची बायकामंडळी, फार तर गणपती. पत्रिका वाचून झाल्यावर तिला एकच गोष्ट खटकली.

“प्रमुख पाहुणे कोण?”

“कोणी नाही. असल्या प्रदर्शनाला नसतात.”

“म्हणजे नारळ कोण फोडतलो?”

“कोणीच नाही गं. लोक येतात, बघतात, वाइन पितात आणि घरी जातात.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नात नवरदेव नसतो असं सांगितलंय. आमच्याकडे दहीहंडी असो की रक्तदान शिबिर, की कुणाच्या पोराच्या क्लासचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्याशिवाय पत्रिका म्हणजे नुसता कागद. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने मला जेवता जेवता सांगितलं, “मी सायबांका आमंत्रण देऊन इलंय.”

पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, वर अक्षता ठेवून ती कार्यालयात गेली होती. माझ्या पोरीचं प्रदर्शन आहे, आपल्या हस्ते नारळ फुटावा अशी आमची इच्छा आहे, असं सांगून आली होती. तिथे एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदा चहा मिळाला होता. तिचा हिशोब अगदी साधा होता. कुणाला मान दिला की तो माणूस आपलं काम करतो. तळमजला नक्की, असंच ती धरून चालली होती.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग तिला सगळं सांगितलं. बाहुला, कडं, मान, होऊन जाईल. ऐकता ऐकता तिच्या हातातला घास ताटात पडला.

“तो बाहुलो काढ थयसून.”

“नाही काढणार. माझं दीड वर्ष गेलंय त्यात.”

“आणि तुझो काका? तो चौथ्या माळ्यार जातलो, तुझ्या बाहुल्यापायी?”

काका पलंगावरून सगळं ऐकत होते. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डावा हात उचलून हवेत झटकला, जाऊ दे अशा अर्थाने. मावशी त्यांच्यावरच उखडली. मी तशीच उठून ठाकूरद्वारच्या गॅलरीत गेले आणि क्युरेटर बाईंना फोन करून साहेब येणार असल्याचं सांगितलं. मला वाटलं, निदान या बाई घाबरतील. बाई नुसत्या नाचायच्या बाकी होत्या. “येऊ दे ना! हाच तर मोमेंट आहे! प्रेसला सांगते!” यांचं काय जाणार होतं? तोडफोड झाली असती तर गॅलरीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं असतं. यांच्या घरी पलंगावर कोणी पडलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि बाहुल्याच्या हातातलं पितळेचं कडं तेवढं काढून खिशात टाकलं. माझ्या शौर्याची मजल तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीत दोन गर्द्या जमल्या. एक गर्दी खादीची, चांदीचे दागिने आणि फाटके दिसतील असे महागडे कपडे घातलेली, ग्लास धरून उभी. दुसरी गर्दी चाळीतली, मावशीने जमवलेली. बायका काठपदराच्या साड्या नेसून, गजरे माळून आलेल्या. दोन्हींच्या मधली जागा कुणी ओलांडत नव्हतं. मग बाहेर फटाक्यांची माळ लागली आणि साहेब आले.

दाराशी साहेबांनी बूट काढले. नारळ फोडायचा म्हणजे बूट काढायचेच. ते बघून त्यांच्या कार्यकर्त्या पोरांनी चपला काढल्या, चाळीतल्या बायकांनी काढल्या, आणि मग काय करायचं ते न सुचून खादीवाल्यांनीही आपापली पायताणं काढून कडेला लावली. नारळ गॅलरीच्या गुळगुळीत फरशीवर आपटला गेला. क्युरेटर बाईंचा चेहरा त्या वेळी मी मनात जपून ठेवला आहे. टाळ्या झाल्या, शाल झाली, श्रीफळ झालं. आणि साहेब आत वळले, तर समोर साहेब.

मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. साहेबांनी बाहुल्याभोवती एक फेरी मारली. बॅनर पाहिला. वर गरगरणारा स्वतःचा चेहरा पाहिला. मग टेबलावरची घंटी दाबली. बाहुल्याने मान डोलवली.

“होऊन जाईल.”

साहेब हसले. खदाखदा, पोट धरून हसले. त्यांच्या पोरांनी आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, खात्री करून घेतली, आणि मगच हसायला सुरुवात केली. मग पत्रकार हसले, मग खादीवाले. मी काय केलं? मीही हसले, सुटल्यासारखी. मनात मात्र मी जळत होते. दीड वर्ष ज्याच्यावर दात धरून काम केलं, त्या माणसाला काडीचीही जखम झालेली नव्हती. गुदगुल्या झाल्या होत्या.

साहेबांनी बाहुला दोन पोरांकरवी उचलून बाजूला ठेववला आणि त्याच्या खुर्चीत स्वतः बसले. “हां, बोला! कुणाचं काय काम आहे?” मोबाइल वर झाले. क्युरेटर बाई पुढे होऊन लाडात म्हणाल्या, “साहेब, आम्हा आर्टिस्ट लोकांना स्टुडिओ द्या ना.” साहेबांनी थेट बाहुल्यासारखी मान डोलवली. “होऊन जाईल!” हशा. एका पत्रकाराने खड्डे बुजवायला सांगितले. “होऊन जाईल!” पुन्हा हशा. माणूस नकलाकार होता, हे मान्य करायला हवं. माझ्या मोटरपेक्षा त्याची मान झकास हलत होती.

तेवढ्यात माझ्या मनगटावरचा हात सुटला. मावशी पुढे जाऊन त्या समोरच्या खुर्चीपाशी उभी राहिली. बसली नाही. चारचौघांत बोलायचं म्हणून तिने आपली मालवणी बाजूला ठेवली आणि शाळेतल्यासारखं स्वच्छ बोलली.

“साहेब, माझे मिस्टर अंगावरून वारं जाऊन पडलेले आहेत. आम्हाला चौथा माळा दिलाय. त्यांना जिना चढवत नाही. तळमजल्यावर एक खोली मिळावी, एवढीच विनंती आहे.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि मान डोलवली.

“होऊन जाईल!”

हॉल फुटला. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा हशा. मावशी हलली नाही. हसू थांबेपर्यंत थांबली आणि तिने विचारलं, “कधी?”

यावर तर लोक अक्षरशः कोसळले. एक दाढीवाला “ब्रिलियंट, ब्रिलियंट” करत टाळ्या पिटत होता. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या कानात विचारलं, “कुठे मिळाली तुला ही? कुठल्या ग्रुपची आहे?” माझं डोकं सणकलं. मी ओरडले, “अहो, ही नाटक करत नाहीये! ही माझी मावशी आहे! हिला खरंच खोली हवी आहे!”

त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

मावशी पदर खांद्यावरून घेऊन टाळ्यांच्या मधोमध उभी होती. साहेब उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला आणि फटाक्यांच्या दुसऱ्या माळेत निघून गेले. चाळीतल्या बायका हसल्या नव्हत्या. त्यांनी चपला शोधल्या आणि मावशीला मध्ये घेऊन त्या बसस्टॉपकडे निघाल्या. मला लाज वाटली. त्यांच्या मागून जायचं सोडून मी तिथे दाढीवाल्याचं अभिनंदन स्वीकारत उभी होते, कारण क्युरेटर बाईंनी माझा दंड धरून ठेवला होता.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ मोबाइलवरून गावभर झाला. एका विद्वानाने लिहिलं की नागरिक आणि नट यांच्यातली सीमारेषा या कलाकृतीने पुसून टाकली आहे. पुसली ना बाबा, छान पुसली. क्युरेटर बाईंनी फोन करून विचारलं, मावशींना रोज संध्याकाळी आणता येईल का, तेच दोन-तीन डायलॉग, लोक विचारतायत, आपण त्यांना मानधनही देऊ. मी त्यांना मावशीची ठेवणीतली शिवी हासडली, “शिरा पडो तुमच्या तोंडार!” त्यांनी विचारलं, हे कोकणी आहे का, कॅटलॉगात घेऊ या का.

इकडे मावशी पुन्हा कार्यालयात जाऊन बसायला लागली. पण आता ती आत शिरली की साहेबांची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची. “मावशी, कधी?” एक म्हणायचा. “होऊन जाईल!” दुसरा मान डोलवायचा. साहेब बाहेर आले की तेही त्यात सामील. सगळं प्रेमाने चाललं होतं, चहासुद्धा मिळत होता. फक्त तिचं मागणं आता कुणाला ऐकूच येत नव्हतं. तोंड उघडलं की हशा. चाळ रिकामी करायची तारीख लागली, आणि एका सकाळी मावशी तयार होऊन मी भाड्याने राहते त्या दादरच्या खोलीवर आली. दारातच म्हणाली, “आता तू चल माझ्यावांगडा. तुका ते वळखतत.”

मी गेले. ते कार्यालय मी त्याआधी कधी आतून पाहिलेलं नव्हतं, मावशीच्या नकलांवरूनच सगळं केलं होतं. बघितल्यावर कळलं की मी फारच सौम्य केलं होतं. इथे साहेबांचा चेहरा पिण्याच्या पाण्याच्या माठावरसुद्धा होता. आम्ही बसलो. साहेब आले. सगळे उठले, आणि मीही उठले.

“अरे, या या! आमच्या कलाकार!” साहेबांनी वाट बघणाऱ्या सगळ्यांना बाहुल्याची गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसले. “पण नाक जरा मोठं केलं होतंस गं तू माझं.”

“हो साहेब, चुकलंच जरा,” मी म्हटलं, आणि हसले.

“मग? आज काय काम?”

मावशीने मला पुढे ढकललं. मी सांगितलं. काका, चौथा मजला, तळमजला. मुद्दाम संथ, सपाट आवाजात सांगितलं, कुठे हसायला जागा राहू नये म्हणून. पोरं साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेबांचं हसायचं की नाही ते अजून ठरलेलं नव्हतं. ते खुर्चीत मागे रेलले, पांढरे बूट पुढे पसरले आणि माझ्याकडे बघत राहिले. काय हवंय ते मला कळत होतं, पण मान ताठच राहिली.

मावशी माझ्या कानाशी आली. “पाया पड.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी नव्हती. दूध उतू जातंय, गॅस बंद कर, असं सांगावं तसं तिने पुन्हा सांगितलं, “पाया पड गो.”

मी वाकले. पोरांनी मोबाइल काढले. साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, “आपलीच पोरगी आहे रे” असं सगळ्यांना सांगितलं आणि तिथूनच बिल्डरच्या माणसाला फोन लावला. त्याच आठवड्यात तळमजल्याची चावी मावशीच्या हातात पडली. नवीन दारात खुर्ची टाकून काकांनी पहिल्याच दिवशी समोरच्या पानवाल्याशी भांडण उकरून काढलं. मावशीने नव्या शेजाऱ्यांना शिरा वाटला.

पाया पडतानाचा व्हिडिओही फिरला, पहिल्यापेक्षा जास्त फिरला. क्युरेटर बाईंचा फोन आला. आवाज अगदी हळवा झालेला.

“सांग ना, हा पार्ट टू आहे ना? म्हणजे तू ते उपहासाने केलंस ना?”

“नाही हो,” मी म्हटलं. “डोकं टेकवून, अगदी मनापासून.”